उपाशी चकती

तुमचे हात स्वच्छ आहेत का हो? बघा एकदा. उलटे करा, सुलटे करा, नखं बघा. आहेत म्हणता? मग या बाईच्या चकतीला एक बोट लावून दाखवाच. तुमच्या त्या धुतल्या बोटाचा चिकटा तिथे असा उमटेल की तिची अर्ध्या दिवसाची मेहनत वाया जाईल, आणि तिच्या तोंडचे चार शब्द ऐकावे लागतील ते वेगळेच. तुमचा हुद्दा ती विचारणार नाही. आजवर कुणाचाच विचारलेला नाही.

एकदा कॉलेजच्या मंडळावरचे कुणी बडे पाहुणे प्रयोगशाळा बघायला आले होते. मागे दहा जणांचा लवाजमा. टेबलावर आरशासारखी पोलादी चकती दिसली तसा पाहुण्यांनी कौतुकानं तिच्यावर अंगठा टेकवला.

"वा! चेहरा दिसतो की यात!"

"साहेब, अंगठा उचला," ही म्हणाली.

"अं?"

"अंगठा. उचललात? आता ती चकती तुमचीच. घरी न्या, दाढी करायला होईल. माझ्या कामाची नाही राहिली."

लवाजम्याला घाम फुटला. पाहुणे मात्र दिलदार निघाले, हसत हसत चकती खिशात घालून घेऊन गेले. तेव्हापासून सगळी इमारत तिला चकतीमावशी म्हणते. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, आणि तिथून ते क्वचितच बाहेर येतं.

ती काम करते त्या जागेला पाटीवर घर्षण प्रयोगशाळा म्हणतात. इमारतीच्या तळघरात, अठरा पायऱ्या उतरून. छताजवळ एक आडवी खिडकी आहे, तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एका भिंतीला सिंक, दुसऱ्या भिंतीला कपाटं, आणि मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर ते यंत्र. यंत्राचं काम समजायला अगदी सोपं आहे. तेलाच्या वाटीत पोलादाची चकती गरागरा फिरते, वरून एक बोटाएवढी ब्राँझची खुंटी वजनानं तिच्यावर दाबली जाते, आणि खुंटीला किती ओढ बसते ते शेजारचा पडदा सांगतो. ओढ जितकी कमी, तितकं वाटीतलं तेल गुणी. आकडे शून्य दशांश करत सुरू होतात, पण तळघरात शून्यं गिळून टाकायची पद्धत आहे. नुसतं 'बारा आले' म्हणायचं, 'अकरा आले' म्हणायचं. शेवटी खुंटी नाजूक काट्यावर ठेवायची आणि तिचं अंग किती झिजलं ते मोजायचं. बस्स. जगातली सगळी यंत्रं एकमेकांवर घासून मरतात, ती कशी जगवायची याची विद्या या एवढ्यात आहे.

या यंत्रासमोर बसून पदव्या घेतलेले निदान पस्तीस जण होऊन गेले. त्या प्रत्येकाच्या प्रत्येक प्रयोगाआधी चकती साफ केली ती या बाईनं. चोवीस वर्षं.

आली होती फरशी पुसायला. सातवी पास, पदरात एक मुलगा, नवरा गेलेला. तेव्हाचे म्हातारे सर मोठे विक्षिप्त होते. त्यांनी दोन महिने तिची फरशी पाहिली, कोपरेसुद्धा पाहिले, आणि एक दिवस तिच्या हातात चिमटा दिला. चकतीला हात लावायचा नाही, कड चिमट्यात धरायची. आधी एका द्रावणात, मग दुसऱ्यात, मग ॲसिटोनमध्ये बुचकळायची, आणि कोऱ्या सुती फडक्यानं एकाच दिशेनं पुसायची. मागे हात फिरवायचा नाही. फडकं एकदा वापरलं की टाकायचं. तसंच खुंटीचं, तसंच तेलाच्या वाटीचं. मग म्हातारे सर तिची परीक्षा घ्यायचे. चार चकत्या पुसायला सांगायचे, तिच्या नकळत एकीला कानामागचं बोट लावून ठेवायचे, डब्या उलट्यापालट्या करायचे आणि म्हणायचे, "ओळखा." पहिल्या महिन्यात ती चुकायची. मग चुकेनाशी झाली. ड्रॉपरनं पाण्याचा एक थेंब सोडायची, आणि थेंब कसा बसतो ते बघून सांगायची.

"ही उपाशी आहे," साफ चकतीबद्दल ती म्हणायची. "आणि ही कुठेतरी जेवून आलीय."

म्हातारे सर टाळी वाजवून हसले होते. कारण खरं शास्त्र नेमकं तेच आहे. खरोखर साफ झालेला धातू भुकेला असतो, समोर येईल ते अंगाशी ओढून घेतो. पाणी आलं तर पाणी, तेल आलं तर तेल. पण आधीच बोटाच्या तुपकटपणानं त्याचं पोट भरलेलं असेल तर तो नव्या तेलाकडे ढुंकून बघत नाही. मग तुम्ही मोजता ते तेल नव्हेच, मोजता ते तुमचं बोट. हे तीनशे पानी पुस्तकात लिहिलेलं असतं. तिनं ते तीन शब्दांत बसवलं, आणि आजही त्या तळघरात मोठमोठे पदवीधर 'उपाशी' आणि 'जेवलेली' असंच बोलतात. ते शब्द कुणाकडून घेतलेत, हे मात्र एकाही प्रबंधात नाही. शब्द उचलताना शिकलेल्या माणसाचे हात फार हलके असतात.

या कामाची किंमत तिनं बोटांनी दिली. ॲसिटोन चकतीचं तेल खातं तसं कातडीचंही खातं. थंडीत तिच्या बोटांना अशा भेगा पडतात की भाजी चिरताना मिठाचा हात लागला तर डोळ्यांत पाणी येतं. क्रीम लावायची सोय नाही. चोवीस वर्षांत तिनं हाताला ना तेल लावलं ना मलम. डोक्याला तेल लावायचं तेही सुनेच्या हातानं, रविवारी सकाळी.

आता सुनेचं नाव निघालंच आहे, तर घराचं सांगून टाकू. दोन खोल्या, वर गच्ची. मुलगा समोरच्याच वस्तीपलीकडल्या फाउंड्रीत क्रेन चालवतो. वितळलेल्या लोखंडानं भरलेली, माणूस उभा मावेल एवढी बादली उचलायची आणि साच्यांपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. सून शिवणकाम करते, बोलायला फटकळ, मनानं लोणी. सासूसुनेचं रोज वाजतं, पण डबा एकमेकींचा दोघीच भरतात.

तर दीड-दोन वर्षांपूर्वी असं झालं की सध्याच्या सरांनी एक नवं तेल तयार केलं. वनस्पतींच्या बियांपासून काढलेलं, जमिनीत सांडलं तरी माती न बिघडवणारं. चांगलं काम होतं, वाद नाही. त्याच्यावर प्रबंध लिहायला एक मुलगी होती. डॉक्टरेट अजून हातात यायची होती, म्हणून तळघर तिला अर्धी डॉक्टर म्हणायचं. मावशी तर तोंडावरच म्हणायची, "काय अर्धी डॉक्टर, आज पूर्ण जेवलीस का?"

नेमक्या त्याच महिन्यात स्टोअरकीपरला काटकसरीचा झटका आला.

"मावशी, गठ्ठाभर कोरी फडकी? एकदा पुसून फेकायला? राजवाडा आहे का हा?"

"चकतीला कोरंच लागतं."

"धुवा की. घरी काय रोज नवीन साडी नेसता?"

बस, तिथेच ती फसली. समजावून सांगायचं सोडून तिला राग आला. आपल्या धुण्यावर कुणी शंका घ्यावी, हे तिच्या पचनी पडेना. "धुवून आणते," ती म्हणाली. "आणि तुझ्या कोऱ्याहून पांढरं आणते. डोळे दिपले तर माझ्याकडे येऊ नकोस."

अभिमान हा माणसाचा फार जवळचा शत्रू. समोर उभा असताना तो स्वतःचाच चेहरा वाटतो.

ती फडकी घरी न्यायला लागली. पहिल्या दिवशी उकळली, तीनदा धुतली, गच्चीवर वाळवली. दुसऱ्या दिवशी सुनेनं तिचे हात पाहिले.

"अहो आई, काय अवस्था करून घेतलीत? रक्त येतंय! द्या ती फडकी इकडे."

"नीट धुशील?"

"नाही, चिखलात बुडवून देते. द्या म्हटलं ना!"

सुनेनं खरोखर नीट धुतली. बर्फासारखी पांढरी, घडी करून, इस्त्री मारून. हातात घेतली की लोण्यासारखी मऊ आणि मंद वासाची. मावशीनं ती स्टोअरकीपरच्या नाकापुढे नाचवली. आणि नव्या तेलाचे प्रयोग सुरू झाले.

आकडे बघून तळघर थक्क झालं. क्रेनमध्ये वापरायचं नेहमीचं तेल वर्षानुवर्षं बारा दाखवत आलेलं. नव्या तेलानं पहिल्याच दिवशी सात दाखवले. दुसऱ्या दिवशी सात. चार महिन्यांत एकेचाळीस प्रयोग झाले, आणि आकडा सातावरून हलला नाही. खुंटीची झीज तर इतकी कमी, की काटा बिघडला की काय म्हणून अर्ध्या डॉक्टरनं तो दोनदा तपासून घेतला. सर पायऱ्या दोन-दोन करत उतरायला लागले. फाउंड्रीला पत्र गेलं. फाउंड्रीनं होकार कळवला. मोठ्या क्रेनच्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल भरायचं, बुधवारी संध्याकाळी सहाला, पाळी बदलताना. पिंप रवानाही झालं.

"आई, आपली क्रेन!" मुलगा घरी नाचला. "जगातली पहिली! तू पुसलेल्या चकतीवर पास झालेलं तेल, आणि मी वापरणार!"

"वर नीट बघून चालव म्हणजे झालं," ती म्हणाली. पण त्या रात्री जेवताना एक घास जास्तच गेला.

त्या गिअरबॉक्समध्ये काय आहे ते इथे सांगायला हवं. आत पोलादाचा एक पीळदार दांडा आहे आणि त्याला भिडलेलं ब्राँझचं दातेरी चाक. बादलीचं सगळं वजन त्या चाकाच्या दातांवर. तेल चांगलं असेल तर दात वीस वर्षं टिकतात. तेल दगाबाज निघालं तर ब्राँझ खडूसारखं झिजतं. बाहेरून काही दिसत नाही, ऐकू येत नाही. आणि एक दिवस दात संपतात. मग बादली खाली. खाली पाळीला एकवीस माणसं.

मंगळवारी सकाळी मावशी फडक्यांची पिशवी घरीच विसरली. अर्ध्या डॉक्टरला प्रबंधासाठी एक शेवटचा प्रयोग हवा होता. मावशीनं कपाट उपसलं. तळाशी जुन्या गठ्ठ्यातली सहा कोरी फडकी निघाली. एक वापरलं. चकती पुसली, खुंटी पुसली, वाटी पुसली.

यंत्र फिरलं आणि पडद्यावर आले तेरा.

"हे काय?" अर्धी डॉक्टर दचकली.

सर खाली आले, बघितलं, खांदे उडवले. "बेचाळीसात एक असा निघतोच. खुंटी तिरकी बसली असेल. सोडून दे."

तिनं सोडून दिलं. सरांनी सोडून दिलं. मावशीला सोडवेना. खुंटी तिरकी बसली नव्हती. बसवताना ती शेजारीच उभी होती. दिवसभर तिच्या डोक्यात तेराचा भुंगा. काय वेगळं होतं? तेल तेच, यंत्र तेच, हात तेच.

संध्याकाळी घरी चहा घेताना मुलाचा धक्का लागून कप कलंडला. तिनं खांद्यावरचा पंचा घेतला आणि टेबलावर टाकला. चहा पंच्यात शिरेना. पंचा पुढे ढकलावा तसा चहा पुढे पळायला लागला, टेबलाच्या कडेपर्यंत.

"अगं, हा पंचा पाणी का पीत नाही?"

"नवीन आहे म्हणून असेल," सून म्हणाली.

"तीन वर्षांचा आहे."

"मग मला काय विचारता? मी काय पंच्याची आई आहे?"

मावशी उठली. मोरीत गेली. पंचा नळाखाली धरला तर पाणी वरून घरंगळलं. धुण्याच्या पावडरीशेजारी एक निळी बाटली उभी होती, फुलाचं चित्र असलेली.

"हे काय आहे गं?"

"ते? सॉफ्टनर. शेवटच्या पाण्यात झाकणभर टाकायचं. कपडे मऊ होतात, वास येतो. शिवायला येणाऱ्या बायकांनीच सांगितलं. का?"

"फडक्यांना पण टाकलंस?"

"टाकलं की. तुमच्या हातांना टोचू नये म्हणून."

मावशी मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसली. तिला एका दमात सगळं दिसलं. ते द्रव धाग्यांना धरून बसतं, म्हणून तर कापड मऊ लागतं. ॲसिटोननं भिजलेल्या फडक्यातून ते चकतीवर उतरलं. खुंटीवर उतरलं. वाटीत राहिलं आणि तेलात मिसळलं. चार महिने ती उपाशी म्हणून ज्या चकत्या देत होती त्या पोटभर जेवलेल्या होत्या, आणि नवं तेल दुसऱ्याच्या पुण्याईवर सात दाखवत होतं. फडकी इतकी पांढरी, इतकी आपली, की तिनं थेंबाची परीक्षाच सोडून दिली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई, काय झालं? पडलात का?"

"नाही गं. चहा पुसून घे. जुन्या साडीनं पूस."

सुनेला ती एवढंच बोलली. मुलाला काहीच नाही. उद्या संध्याकाळी सहाला पिंप ओतणार, हे तो तिसऱ्यांदा सांगत होता.

तिच्यापुढे काय काय होतं ते बघा. गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. तेरा आकडा खोडला गेलाच होता. तोंड उघडलं तर इतक्या वर्षांचं नाव जाणार, नोकरीचंही सांगता येत नाही, एका पोरीचा प्रबंध बुडणार, सरांची नाचक्की. आणि चूक कुणाची, तर स्वच्छतेच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईची. मोठाल्या खुर्च्यांवरची किती माणसं अशा वेळी 'पुढच्या बैठकीत बघू' म्हणून हात झटकतात, ते मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत.

बुधवारी ती अर्धा तास आधी पोचली. दोन चकत्या केल्या, एक धुतल्या फडक्यानं, एक कोऱ्यानं. सर आणि अर्धी डॉक्टर उतरले तेव्हा ती ड्रॉपर घेऊन उभी होती.

"सर, बसा जरा."

"मावशी, मी घाईत आहे."

"म्हणूनच बसा."

तिनं पहिल्या चकतीवर थेंब सोडला. तो पातळ होऊन कडेपर्यंत पसरला. दुसरीवर सोडला. तो मोत्यासारखा गोल होऊन जागच्या जागी बसला.

"ही उपाशी. ही जेवलेली. आणि चार महिने मी तुम्हाला अशा जेवलेल्या दिल्या. फडकी मी घरी नेली. धुण्यात गडबड झाली. चूक माझी."

सुनेचं नाव तिनं घेतलं नाही.

अर्धी डॉक्टर पुढे झाली. "मावशी, काय बोलताय तुम्ही! एकेचाळीस प्रयोग आहेत! तुम्हाला कळतंय का याचा अर्थ?"

"कळतंय गं. म्हणून अठरा पायऱ्या उतरताना चारदा थांबले."

"मग आधी का नाही—"

"आधी कळलं नाही म्हणून."

सर चष्मा पुसायला लागले. "हे बघा, पाण्याच्या एका थेंबावरून काही सिद्ध होत नाही. पाणी वेगळं, घर्षण वेगळं. पुढच्या आठवड्यात आपण पद्धतशीर बघू."

"पिंप आज सहाला ओतणार."

"अहो, ती चाचणीच आहे. चाचणी म्हणजे काय असतं—"

"सर, माझा पोरगा क्रेनवर बसतो. त्याचं मी धरत नाही, तो वर असतो. खाली एकवीस जण असतात. त्यातल्या कुणी चाचणीला नाव दिलंय?"



"सहा चकत्या करते," ती पुढे म्हणाली. "तीन कोऱ्या फडक्यानं, तीन धुतल्या. खुंट्या आणि वाट्यासुद्धा तशाच जोडीनं. डब्यांच्या बुडाला आतून चिठ्ठी लावते, कुठली कशी ते. डब्या उलट्यापालट्या अर्धी डॉक्टर करेल. तुम्ही यंत्र लावा, आकडे लिहा. सहा झाले की चिठ्ठ्या बघा. जुळलं नाही तर मी मूर्ख, पिंप ओता."

म्हातारे सर तिला डब्या ओळखायला लावायचे. आज तिनं तोच डाव उलटा फिरवून शास्त्रज्ञांपुढे मांडला होता. सरांनी घड्याळात पाहिलं. एकेका प्रयोगाला तासाहून जास्त. "दहाला पहिला लावू," ते म्हणाले.

तिनं चकत्या केल्या आणि चिमटा ठेवून चालू लागली.

"कुठे निघालात?"

"वर. चकती बघितली की मला कळतं, आणि माझा चेहरा बघून तुम्हाला कळेल."

आता सांगा, ही बाई सातवी पास. प्रयोग करणाऱ्याचा चेहरासुद्धा प्रयोगात मिसळतो, हे तिला कुठल्या वर्गात शिकवलं होतं?

ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. स्टोअरकीपर जाता जाता थबकला.

"काय मावशी, आज सुट्टी?"

"परीक्षा चाललीय."

"कसली? आठवीची?"

"तुझीपण आहे तीत. निकाल लागला की बोलावते."

तीन वाजता अर्धी डॉक्टर वर आली. डोळे लाल. "मावशी, चार झाले. मला कळलंय. थांबवू या का?"

"सहा म्हणजे सहा. उद्या कुणी म्हणेल, दोन राहिले होते."

"तुम्ही फार वाईट आहात."

"आहे. नाक पूस आणि जा खाली. हाताला लागलेलं पाणी चकतीला लावू नकोस."

साडेपाचला तिला हाक आली. टेबलावर सहा डब्या ओळीनं, प्रत्येकीपुढे कागदावर आकडा. तेरा, सात, सात, तेरा, सात, तेरा. सरांनी पहिली डबी रिकामी करून बुडाची चिठ्ठी वाचली. "कोरं." दुसरी. "धुतलं." तिसरी. "धुतलं." चौथी वाचून त्यांनी डब्या अर्ध्या डॉक्टरकडे सरकवल्या, आणि उरलेल्या दोन तिनं वाचल्या. एकही इकडची तिकडे नव्हती.

खुंट्या काट्यावर चढल्या. कोऱ्या फडक्याच्या तिन्ही खुंट्यांची झीज जुन्या तेलात व्हायची त्याच्या तिप्पट निघाली. गुणी तेल मुळात ब्राँझ खाणारं होतं.

सरांनी फोन उचलला. पलीकडे फाउंड्रीचा मेंटेनन्सवाला. त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "सर, बूच उघडलंय, नळी लावतोय! तुम्ही येताय ना फोटोला?"

"बूच लावा. जुनंच तेल राहू द्या. हो, मीच बोलतोय. नाही, थेंबभरही नाही. आमची चूक झाली."

"आमची नव्हे, माझी म्हणा," मावशी मागून म्हणाली.

सरांनी फोनवर हात ठेवला. "गप्प बसा हो जरा, मावशी!" आणि पुन्हा फोनमध्ये, "हो, आमचीच."

ही त्या माणसाची मोठी गोष्ट. श्रेय घेताना 'माझं' आणि खापर फोडताना 'तिचं' म्हणणारे कमी नाहीत. त्यांनी उलटं केलं, हे नोंदवलं पाहिजे.

मुलगा घरी आला तो पाय आपटतच. "सगळ्या फाउंड्रीत हसं झालं माझं! म्हणतात, याच्या आईनं पदराला पुसून तेल पास केलं!"

"हसू दे. हसायला सगळे जागच्या जागी आहेत ना?"

मग तिनं त्याला झिजलेल्या खुंट्यांचे आकडे सांगितले. त्याला ब्राँझच्या चाकाचे दात तोंडपाठ. जेवण संपलं तसं त्यानं उठून तिचं ताट स्वतः घासलं, जे त्यानं जन्मात केलं नव्हतं. सुनेनं निळी बाटली मोरीत उपडी केली आणि हुंदके द्यायला लागली.

"माझ्यामुळे झालं ना, आई?"

"तुझ्यामुळे माझे हात चार महिने बरे होते. फडकी हातातून सोडायची नव्हती, ती मी सोडली. रडू नकोस, साबण लावल्यासारखी दिसतेस."

कचेरीनं पंधरा दिवसांनी तिला नोटीस दिली. प्रयोगशाळेचं साहित्य परवानगीशिवाय घरी का नेलं, खुलासा करा. कोरी फडकी कुणी बंद केली, याचा खुलासा कुणालाही मागितला नव्हता. नोटीस कायम खालच्या पायरीवरच उतरते, वर चढायला तिला पाय नसतात. मावशीनं स्वतःच्या अक्षरात उत्तर लिहिलं, आणि अर्ध्या डॉक्टरनं त्यातला एकही शब्द सुधारला नाही: 'होय, नेली. चूक माझी. स्टोअरनं कोरी दिली असती तर नेली नसती. आता द्यावीत.' खाली सही. सरांनी त्याखाली 'सहमत' लिहून आपली सही ठोकली. आठवड्याभरात दोन गठ्ठे आले, आणि स्टोअरकीपर ते स्वतःच्या खांद्यावरून अठरा पायऱ्या उतरवून ठेवून गेला.

अर्ध्या डॉक्टरला एक वर्ष जास्त लागलं. नव्या तेलात काय कमी होतं ते तिनं शोधलं, एक पदार्थ मिसळून पाहिला, दुसरा पाहिला. आता ते नऊ दाखवतं, खरे नऊ, कोऱ्या फडक्यावरचे. खुंटीही टिकते. क्रेनमध्ये ते अजून घातलेलं नाही. आधी वर्षभर बादली न लावलेल्या गिअरबॉक्सवर फिरवायचं ठरलंय. प्रबंधात एक आख्खं प्रकरण फडक्यांवर आहे, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच विचारले. त्यातून जो लेख छापून आला त्यावर तीन नावं आहेत. तिसरं नाव हजेरीच्या वहीतलं. मासिकानं विचारलं होतं, या लेखिकेची पदवी काय? अर्धी डॉक्टर आता पूर्ण झाली होती. तिनं उत्तर पाठवलं, 'चोवीस वर्षं.'

आणि तळघरात एक नवी रीत पडलीय. कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी सर स्टूल ओढून मावशीसमोर बसतात आणि विचारतात, "मावशी, गेल्या वेळेपासून काय बदललं?" ती लगेच बोलत नाही. चिमटा पुसते, आठवते, साबणापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं मनात फिरवून आणते. सर बसून राहतात. पहिल्या पहिल्यांदा त्यांना ते जड गेलं. आता जात नाही.

तुमच्याही कामाच्या जागी कुणीतरी पुसणारं, धुणारं, भरून ठेवणारं माणूस आहे. त्याचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, ते आधी विचारून घ्या. मग उद्या सकाळी काम सुरू करायच्या आधी त्याच्यासमोर बसा, हाच प्रश्न विचारा, आणि कृपा करून उत्तर येईपर्यंत उठू नका.